माफ झालेली राणी

इशबेल गेडीसने एकवीस वर्षं पडद्याआड खुर्ची टाकून काढली. फॉरेस गावच्या नाटकमंडळीची ती प्रॉम्प्टर. दिवसभर बेकरीच्या काउंटरमागे उभं राहून खारट, लोणीदार पाव विकायचे, रविवारी चर्चमध्ये फुलं मांडायची, आणि मंगळवार-शुक्रवार तालमीला जाऊन दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालायचे, असं तिचं आयुष्य. स्टेजवर ती एकदाच गेली होती, दासी म्हणून, हातात ट्रे घेऊन. तो ट्रे पडला. त्यानंतर तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही कधी विषय काढला नाही.

त्या वर्षी मंडळीने ‘आपलं नाटक’ करायचं ठरवलं. घरी पाहुणा आलेल्या राजाचा झोपेत खून करणाऱ्या सरदाराचं, आणि त्याला भरीस घालणाऱ्या त्याच्या बायकोचं ते नाटक. त्यातल्या चेटकिणी सरदाराला भेटतात तो माळ गावाबाहेरच आहे, असं सगळे मानतात. म्हणून गावाला नाटकाचा अभिमान, आणि नाटककारावर राग. तो सरदार खरा तर राजा होऊन सतरा वर्षं नीट राज्य करून गेला, त्याला दक्षिणेकडच्या त्या नाटककाराने उगाच बदनाम केलं, असं अजूनही दारूच्या दुकानात ऐकायला मिळतं. पण दर दहा वर्षांनी नाटक करायचंच, कारण हॉल भरतो.

या नाटकाचं नाव मात्र घ्यायचं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसंच. संवादात आलं तर चालतं, एरवी रंगपटात कुणी उच्चारलं की अपघात ठरलेला. चुकून तोंडातून गेलंच तर बाहेर जायचं, स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायच्या, डाव्या खांद्यावरून थुंकायचं आणि दार ठोठावून पुन्हा आत घ्या म्हणून विनवायचं. बँकेचा मॅनेजरसुद्धा एकदा भर गारठ्यात हे सगळं करून आला होता.

राणीची, म्हणजे पुढे राजा होणाऱ्या त्या सरदाराच्या बायकोची, भूमिका इशबेलला हवी होती. निवडीच्या दिवशी तिने वाचूनही दाखवलं. दिग्दर्शक मिस्टर टॉलक, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, मान हलवत म्हणाले, “मिसेस गेडीस, तुम्ही पडद्याआड नसलात तर आमचं कसं होणार?” एवढ्या गोड शब्दांत तिला कुणी कधी हाकललं नव्हतं. भूमिका रोना फार्करकडे गेली. रोना केशकर्तनालय चालवायची. उंच, भरदार आवाजाची. गेल्या बारा वर्षांतल्या सगळ्या राण्या तिनेच केल्या होत्या.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी इशबेल रंगपटात गुडघ्यांवर बसून रोनाच्या झग्याला खालून टाचण्या लावत होती. रोना स्टुलावर उभी राहून म्हणाली, “इशबेल, तू कशी गं एवढी शांत बसतेस तिकडे कोपऱ्यात? मला नाही बाई जमलं असतं.” तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. तेच जास्त लागलं. रोना झगा बदलून निघून गेली. इशबेलने तोंडातल्या टाचण्या काढल्या, आरशात पाहिलं आणि नाटकाचं नाव घेतलं. एकदा नाही, दोनदा. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल इतकं स्वच्छ. मग टाचण्यांची डबी बंद करून ती घरी गेली. ना गिरकी, ना थुंकणं. रात्री दोनदा वाढून घेऊन मासे खाल्ले.

सोमवारी पोस्टाच्या पायऱ्यांवर बर्फावरून रोनाचा पाय घसरला. घोटा दोन ठिकाणी मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर.

मंगळवारी सकाळी मिस्टर टॉलक टोपी हातात घेऊन बेकरीत आले आणि राणीचे सगळे शब्द गावात कुणाला पाठ असतील असं विचारू लागले. इशबेल ‘मला’ म्हणाली ते इतक्या घाईने, की रांगेतल्या दोन बायका हसल्या.

आता पंचाईत अशी, की इशबेल देवाला मानणारी बाई. चेटूक, शाप असल्या गोष्टी तिच्या चर्चमध्ये बसत नाहीत. नाव घेतल्याने पाय मोडतो असं म्हणावं, तर ती अंधश्रद्धाळू ठरणार. मोडत नाही म्हणावं, तर तिचा काही दोषच नाही, पाय बर्फाने मोडला. दुसरं उत्तर तिला पटायचं. पण पटून झालं की लगेच तिसरं काहीतरी आत टोचायचं. पाय कशाने का मोडेना, मोडावा असं वाटलं कुणाला? तिलाच ना? हे देवाला कुठल्या तोंडाने सांगायचं? तिची झोप उडाली.

आणि तिचा अभिनय मात्र झकास व्हायला लागला. राणी झोपेत चालते आणि हातावरचं न दिसणारं रक्त धुवत राहते, तो प्रवेश तर असा व्हायचा, की मिस्टर टॉलक चष्मा काढून पुसत बसायचे. चेटकिणीचं काम करणारी दाताच्या डॉक्टरची बायको म्हणाली, माझ्या अंगावर काटा आला. इशबेल पाणी नसलेल्या परातीत हात चोळायची आणि तिला खरोखर वाटायचं, निघत नाही. नवरा वॉटी तालीम पाहायला आला होता. तो एवढंच म्हणाला, “घरची भांडी कधी अशी घासली नाहीस.”

मग एका संध्याकाळी चर्चचे वडीलधारे, मिस्टर पिरी, प्रभुभोजनाचं कार्ड घेऊन आले. रविवारी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, आणि पुढच्या गुरुवारी नाटक. मिस्टर पिरी दर खेपेला म्हणतात तेच म्हणाले, “कुणाशी तेढ असेल, मनात काही असेल, तर आधी मिटवून या, मिसेस गेडीस.” चहा पिऊन ते गेले. कार्ड घड्याळाशेजारी उभं राहिलं.

इशबेल हिशेबी विचार करायला बसली. रविवारी सर्दी झाली म्हणून घरी राहिलं तर? तिने खोकूनही पाहिलं. खोकला बरा जमला. पुढच्या शनिवारी शेवटचा प्रयोग होईल, मग रोनाकडे जाऊन सगळं सांगता येईल. देव काही कुठे जात नाही, तो अनंतकाळ आहे. नाटक तीनच दिवस आहे. हे सगळं मनात इतकं सुरळीत जुळत गेलं, की तिची तीच दचकली. राणी नवऱ्याला अगदी अशीच पटवते. एकेक वाक्य बिनतोड.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती गरम पावांची पिशवी घेऊन रोनाच्या दारात उभी राहिली.

रोना खुर्चीवर पाय टाकून बसली होती. इशबेलने कोट न काढता सगळं सांगितलं. आरसा, टाचण्या, दोनदा. रोना सगळं ऐकेपर्यंत एक पाव खाऊन मोकळी झाली.

“पाय बर्फाने मोडला,” ती म्हणाली. “मूर्खासारखं बोलू नकोस.”

“पण मला वाटलं होतं, मोडावा.”

“घोटाच?”

“घोटा असं नाही. घसा बसावा, असं काहीतरी.”

रोनाने मांडीवरचे पावाचे कण झटकले. “म्हणजे ते हात धुणं,” ती सावकाश म्हणाली, “ज्याचं सगळं गाव कौतुक करतंय, ते हे होय?”

इशबेलने होकारार्थी मान हलवली.

रोना हसली. बारा वर्षं राण्यांची कामं केलेली बाई ती. खुर्चीवरूनच तिने हात पुढे केला आणि म्हणाली, “मी तुला माफ केलं, इशबेल. मनापासून. काहीही शिल्लक ठेवलेलं नाही. आता गुरुवारी कर बघू.”

त्या रात्री इशबेल नऊ तास झोपली. रविवारी बाकावर रोना कुबड्या टेकून तिच्या शेजारीच येऊन बसली. भाकरीचं ताट तिने स्वतःच्या हाताने इशबेलकडे सरकवलं, आणि इशबेलला इतकं हलकं वाटलं, की शेवटच्या स्तोत्राला तिचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

मंगळवारच्या तालमीत तिने परातीत हात घातले, चोळले आणि काहीच झालं नाही. आठवड्याची सुट्टी काढून आलेली बाई चहाचे कप विसळते आहे, असं ते दिसलं. मिस्टर टॉलक घाबरले. तुमचा मेलेला कुत्रा आठवा, म्हणाले. इशबेलने आठवला. तो बिचारा सतरा वर्षं सुखाने जगून झोपेत गेला होता. आठवून तिला उलट बरंच वाटलं. चेहऱ्यावर वेदना यावी म्हणून पायाला खडा बांधून पाहिला. तिने मनात सगळे कोपरे धुंडाळले, रोनाबद्दल थोडी जळजळ, थोडी चोरटी लाज, काहीही चाललं असतं. रोनाने खरंच काही शिल्लक ठेवलं नव्हतं. हा मोठेपणा होता की सूड, हे इशबेलला आजतागायत कळलेलं नाही.

तीनही प्रयोग ठीक झाले. ट्रे नव्हता, त्यामुळे काही पडलं नाही. हात धुण्याच्या प्रवेशात पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने पिशवीतून लेमनच्या गोळ्या काढून वाटल्या. स्थानिक साप्ताहिकात तिच्यावर एकच ओळ आली, ‘मिसेस गेडीस यांचा प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आला.’

शेवटच्या प्रयोगानंतर रोना कुबड्या ठोकत रंगपटात आली. इशबेल तोंडाची रंगरंगोटी पुसत होती. रोना म्हणाली, शेवटचा भाग बेताचा झाला, तू जाणतेसच. इशबेल म्हणाली, जाणते.

“पण पहिल्या अंकात,” रोना दाराशी थांबून म्हणाली, “त्या गरीब माणसाला तू खून करायला लावलंस ना, तेव्हा मला भीती वाटली तुझी. खरी.”

इशबेलने मान खाली घातली. तिला लाज वाटायला हवी होती. तिने ते वाक्य कुणाला न दाखवता घरी नेलं. वॉटीने विचारलं तेव्हा रोनाचा पाय सुधारतोय, एवढंच सांगितलं. रविवारी प्रार्थनेत देवाला मात्र तिने ते जसंच्या तसं ऐकवलं, कारण त्याला आधीपासून माहीतच होतं. आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला राहवलं नसतं.