निर्माल्य आणि खाडीचं पाणी

देवाची वाळलेली फुलं कचऱ्यात टाकायला माझा हात होत नव्हता. मुलगा म्हणाला होता, "आई, इथे पाण्यात काही सोडायचं नाही. डब्यात टाक." मी मान हलवली आणि निर्माल्य गुपचूप कागदी पिशवीत साठवत राहिले.

एका दुपारी ती पिशवी आणि नातीला घेऊन पापाटोएटो या परदेशी उपनगरातल्या आमच्या घराजवळच्या खाडीवर गेले. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. नातीला काठावर उभी करून, साडी वर खोचून चिखलात उतरले. दहा-बारा पावलांवर उजवा पाय रुतला. तो काढायला जोर केला तर डावाही गेला. जितका जोर करावा तितकी मी खाली. पोटऱ्या आत गेल्या, आणि समोरून भरतीचं पाणी परत यायला लागलं.

मला ओरडायची लाज वाटली. नात मात्र पळाली आणि शेजारच्या चिनी आजोबांना घेऊन आली. ती त्यांच्याकडे दर शनिवारी तो सावकाश हातवाऱ्यांचा व्यायाम शिकते. दोन वर्षांत मी त्यांच्याकडे वर मान करून पाहिलं नव्हतं.

आजोबा काठावरच्या दगडावर उकिडवे बसले आणि नातीशी काही बोलले.

"आजी, ते म्हणतात, डोन्ट फाइट."

"मी कुणाशी भांडतेय गं?"

"मडशी!"

"अगं, पाणी येतंय! बुडेन मी. सांग त्यांना."

तिनं विचारलं. "ते म्हणतात, येऊ दे. वॉटर विल ओपन इट."

मला भयंकर राग आला. इथे माझा जीव चाललाय आणि हे बसलेत निवांत! पाणी गुडघ्याला लागलं. पाय गारठले. आजोबा हातांनी दाखवत होते: थोडी मागे रेल, पाय अगदी हळू हलव. मी जोर सोडला, कारण अंगात जोर उरलाच नव्हता. पायाभोवती पाणी शिरत गेलं तसा चिखल पातळ झाला. आधी डावा पाय सुटला, मग उजवा. एक चप्पल आतच राहिली. आजोबांनी काठी पुढे केली, ती धरून मी काठावर आले.

पिशवी हातातून कधी सुटली कळलं नव्हतं. भरतीनं सगळी फुलं माझ्याच पायाशी आणून टाकली. देवानं परत केली, असं वाटून मला रडू आलं.

आजोबांनी ती एकेक करून वेचली आणि आपल्या लिंबाच्या झाडाखाली घालायला घेतली. घरी येताना नात म्हणाली, "आजी, त्यांच्यात ताओ असतं. ताओ म्हणजे वाट. काहीच तसंच राहत नाही, पण नथिंग इज लॉस्ट. फुलाची माती होते, मातीचं लिंबू."

"आणि माझ्या चपलेचं?"

"आय डोन्ट नो, आजी."

पुढच्या शुक्रवारी वाळलेली फुलं ओंजळीत घेऊन आजोबांच्या कुंपणापाशी गेले. देव रागावला तर? आजोबांनी लिंबाच्या बुडाची माती उकरून दिली. मी फुलं ठेवली, माती लोटली आणि देवाला हात जोडले. आजोबांना वाटलं त्यांनाच जोडले. तेही वाकले.

असू दे.