सुलभामावशीचं ‘येते’

युगांडातल्या एका खेड्यात एक म्हातारी आज सकाळपर्यंत सुलभामावशीची वाट बघत होती.

मावशीला जाऊन आज वर्ष झालं.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ती माझी सख्खी मावशी नव्हे. कळव्याची, बालवाडीच्या बाई म्हणून रिटायर झालेली, आमच्या मंडळीतली. मंडळी म्हणजे आमचं चर्च.

काही वर्षांपूर्वी चर्चची टीम सेवेसाठी युगांडाला गेलेली. ठाणे, कळवा, डोंबिवलीचे आम्ही दहा-बारा जण. सगळ्यांना एकसारखे पिवळे टी-शर्ट.

साडीवर टी-शर्ट घालायचा की नाही यावरून मावशीने एअरपोर्टवर पाळकसाहेबांशी, म्हणजे आमच्या पास्टरशी, हुज्जत घातली. शेवटी घातला, पण पदर त्याच्यावरून घेतला.

तिथे शाळेची भिंत रंगवायची होती. आम्ही जुना रंग खरवडला तर खाली गुलाबी निघाला. गुलाबीच्या खाली हिरवा. दरवर्षी कुठली ना कुठली टीम येऊन तीच भिंत रंगवून जात होती.

आम्ही निळा मारला. फोटो छान आले.

मावशीने ब्रशला हात लावला नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. तिथे शाळेचं जेवण रांधणारी एक म्हातारी होती. सगळे तिला ‘जाजा’ म्हणायचे. तिकडे जाजा म्हणजे आजी.

“अगं, वडीलधाऱ्या बाईला जा जा काय म्हणायचं? हाकलल्यासारखं वाटतं,” मावशी म्हणाली.

ती तिला ‘आजीबाई’ म्हणायला लागली. म्हातारी ओ द्यायला लागली.

दोघी शेजारी बसून कच्ची केळी सोलायच्या. ही मराठीत बोलायची, ती तिच्या भाषेत. विषय बहुतेक गुडघे असावा, कारण दोघी मधून मधून आपापले गुडघे दाबून दाखवायच्या.

निघायच्या दिवशी मिठ्या, रडारड, सेल्फी. आम्ही सगळे एकच वाक्य म्हणत होतो, “वी विल बी बॅक.”

मावशीचं इंग्रजी बेताचंच. तिने म्हातारीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “आय ॲम कमिंग हं, आजीबाई.”

गाडीत आम्ही खूप हसलो. पण ती काय म्हणाली ते आम्हाला सगळ्यांना कळलेलं. निघताना आपल्यात कोण ‘जाते’ म्हणतं? ती ‘येते’ म्हणाली होती, फक्त इंग्रजीत.

घरी पोचल्यावर डेव्हिडचा फोन आला. डेव्हिड म्हणजे तिथला आमचा दुभाष्या.

“आंटी काही विसरून गेल्यात का? जाजा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फाटकाशी बसून होती.”

तिकडे निघताना ‘आय ॲम कमिंग’ म्हटलं की त्याचा अर्थ, थांब, ही आलेच.

मी त्याला आपली पद्धत समजावली. त्याने जाऊन जाजाला समजावली. तिचं उत्तर त्याने मला कळवलं, “ती म्हणते, परत येऊ असं सगळेच म्हणतात, ते मी मनावर घेत नाही. पण ही तसं नाही म्हणाली.”

मावशीला हे सांगताना मला वाटलेलं, ती हसेल. तिच्या हातातला चहा तसाच गार झाला.

“म्हणजे मी शब्द दिला.”

“अगं मावशी, ती नुसती बोलायची पद्धत.”

“पद्धत आपल्यात. फाटकाशी ती बसली ना.”

त्या रविवारी मावशीने साक्ष द्यायची होती. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते आमच्यात सगळ्यांसमोर उभं राहून सांगतात, त्याला साक्ष म्हणतात. सगळ्यांनी भिंतीबद्दल सांगितलं, मुलांच्या हसण्याबद्दल सांगितलं.

मावशी उठली. “मी एका बाईला ताटकळत ठेवून आलेय. माझ्यासाठी प्रार्थना करा,” म्हणाली आणि खाली बसली.

कोणालाच टाळ्या वाजवायचं सुचलं नाही.

पुढच्या वर्षी टीम दुसऱ्याच देशात गेली. पाळकसाहेब मीटिंगमध्ये म्हणाले, “यंदा देव आपल्याला नवीन क्षेत्र दाखवतोय.”

मावशी म्हणाली, “जुनं दाखवत नाही का तो?”

मग एकटीने जायचं तिने ठरवलं. पासपोर्ट उशाशी ठेवलेला. तेवढ्यात पोटाचं दुखणं निघालं आणि सगळंच राहिलं.

ऑपरेशनला आत नेताना मी आणि तिची वहिनी तिथेच होतो. स्ट्रेचरवरून मावशी म्हणाली, “जाते गं.”

वहिनी घाबरल्या. “ताई, असं काय बोलता? येते म्हणा.”

“नको. एकदा म्हणून बसलेय.”

ती त्यातून बाहेर आलीच नाही.

डेव्हिडला मी तेव्हाच कळवलेलं. पण जाजाला सांगायला त्याची जीभ रेटेना. ती विचारायची, आणि तो विषय बदलायचा.

आज सकाळी त्याचा फोन आला. वर्ष झालं म्हणून शेवटी त्याने सांगून टाकलं. जाजा केळी सोलत होती. सुरी खाली ठेवली, हात पुसले.

मग म्हणाली, “म्हणजे ती विसरली नव्हती.”

आणि थोड्या वेळाने, “तिला थांबायला सांग. आय ॲम कमिंग.”

मी ओट्याशी उभी राहून रडले. दूध उतू गेलं.

यंदाची टीम ठरतेय. मला मेसेज आलाय, टी-शर्टचा साइज विचारलाय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आपण गेलो ते चांगलं केलं की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही. त्या भिंतीला एव्हाना आणखी एक रंग लागला असेल.

मावशी, तुझ्या आठवणीपुढे आज मान खाली घालून उभी आहे.

निरोप पोचवलाय.

आता तू फाटकाशी बस.