नोटेवरची शेंगावाली

माझी ओनिके आत्या फ्रीटाउनच्या भर चौकातल्या थोरल्या सावरीखाली तीस वर्षं भाजलेल्या शेंगा विकत बसली. जीभ तिखट, माप मात्र सढळ. चौसष्ट साली शिलिंग जाऊन लिओन आला, आणि एका लिओनच्या हिरव्या नोटेवर चक्क तिची सावर छापून आली.

आत्याने नोट डोळ्यांशी नेली. "झाड आहे, कोर्टाची इमारत आहे. मी कुठंय?"

"तुला कशाला छापतील, आत्या?"

"का? रोज बुंध्याशी झाडू कोण मारतं, जज्जसाहेब?"

दोन दिवस ती धुसफुसली. मग माझा दौत-टाक घेतला आणि नोटेवरच्या बुंध्याशी एक इवलीशी बाई काढली. ती नोट मग ना बाजारात चालली, ना बँकेत.

दोन वर्षांनी माझ्यासाठी मोदुपेला मागणी घालायला आम्ही सुक्या भोपळ्याचं कोरीव भांडं भरून नेलं. त्यात कोलाची फळं, सुई-दोरा, बायबल आणि रीतीचे पैसे. पैसे ठेवायचा मान आत्याचा. भोपळा परत आला की सोयरीक मोडली, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक!

आधी मोदुपेच्या दोन बहिणी पुढे करून "हीच ना तुमची?" अशी रीतीची थट्टा झाली. मग तिच्या मामाने भोपळा उघडला आणि तीच नोट वर काढली. "रंगवलेली नोट देऊन आमची पोर नेता होय?"

मोदुपेच्या आजीने नोट खिडकीपाशी नेली.

"ही कोण?"

"मी," आत्या पुटपुटली. तिचा आवाज इतका खाली गेलेला मी कधीच ऐकला नव्हता.

"म्हणजे सावरीखालची शेंगावाली तू! मग टोपली कुठंय? बाईला रिकाम्या हातानं बसवतात का? टाक आणा रे."

म्हातारीने टोपली काढली. ती बाईपेक्षा मोठी झाली. भोपळा घरात गेला आणि आत्या रुमालाआड ढसाढसा रडली.

आत्या जाऊनही आता खूप वर्षं झाली. नोटा बदलल्या, त्यांच्यावरची शून्यं वाढली, पुन्हा छाटली गेली. परवा-परवाच्या वादळात सावरही कोसळली. काठी टेकत मी बघायला गेलो आणि भर रस्त्यात रडलो.

घरी आलो तर मोदुपेने बायबलात जपलेली तीच नोट काढून टेबलावर ठेवलेली.

"पुरे आता," ती म्हणाली. "बघा, आत्या बसलीय अजून."