जांभळं पान

बाई घाबरट होत्या. शहरातल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात दुरुस्ती विभागाच्या त्या प्रमुख, त्याआधी संग्रहालयात पोथ्या सांभाळलेल्या, तरी सकाळी खोलीचं कुलूप काढण्याआधी दाराच्या फटीशी वास घेऊन बघायच्या. आत शिरल्या की भिंतींवरून उलटा हात फिरवून ओल आली का ते बघायच्या. मग कपाटांना कान लावायच्या. वाळवीचा आवाज येतो म्हणे. मला तीन वर्षांत एकदाही आला नाही, त्यांना दर आठवड्याला यायचा.

मूळच्या नांदेडकडच्या, पण इथल्याच नामपल्ली भागात, उर्दू बोलणाऱ्या शेजारात वाढलेल्या. त्यामुळे ‘हळू’ म्हणायचं तिथे त्या ‘हल्लू’ म्हणायच्या, आणि दिवसातून शंभर वेळा म्हणायच्या. मी त्यांची मदतनीस. पान उचललं, हल्लू. खळ लावली, हल्लू. खरं सांगते, मला वैताग यायचा. एकदा मी विचारलंच, की बाई, तुम्हाला एवढी कसली हो भीती? त्या म्हणाल्या, “कागदाला ओरडता येत नाही गं. त्याच्या वाटची भीती आपण बाळगायची.”

त्यांचा एक नियम होता. मळ काढायला पान पाण्यात धुण्याआधी त्याचा फोटो काढायचा, आणि प्रत्येक पानावर, प्रत्येक शाईवर पाण्याचा थेंब ठेवून टीपकागदाने टिपून बघायचं. रंग उतरला तर त्या पानाला पाणी नाही. शंभर पानं असली तरी शंभर वेळा.

शहरातल्याच बरकतपुऱ्याचे एक आजोबा आपल्या आईची वही घेऊन आले, तेव्हा बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. आजोबा पाच वर्षांचे असताना आई गेली. तिचा फोटो नाही, काही नाही, फक्त ही वही. आजोबांची शाळा तेलुगूत झाली, त्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. शिवाय पान उलटलं की तुकडा पडायचा, म्हणून त्यांनी ती कुणाला उघडूच दिली नव्हती. आधी दुरुस्त करा, मग तुम्हीच वाचून दाखवा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पंधरा दिवस काम चाललं. सगळी वही काळ्या शाईत, शाई पक्की. शेवटचं पान राहिलं त्या दिवशी बाई कामासाठी संग्रहालयात गेल्या होत्या. ते पान पेन्सिलीनं लिहिलेलं. पेन्सिल पाण्याने जात नाही हे आमच्या धंद्यात कुणालाही माहीत असतं. म्हटलं, थेंब कशाला? फोटोही मळ निघाल्यावर काढू, अक्षर स्वच्छ दिसेल. आणि पान पाण्यात सोडलं.

पाणी जांभळं झालं. पूर्वी कचेऱ्यांत एक पेन्सिल असायची, सुकी असताना राखाडी दिसायची आणि पाणी लागलं की शाईसारखी विरघळायची. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी फक्त पान उचलायला धावले. पान बाहेर काढेपर्यंत अक्षरं नव्हती. आणि ते आमच्यापैकी कुणीच वाचलं नव्हतं.

बाई परत आल्या तेव्हा मी भिंगाखाली ते पान धरून अक्षरांचे वळ शोधत होते, हातात पेन्सिल. दिसतील तेवढी गिरवून ठेवावीत असा विचार होता. त्यांनी माझं मनगट धरलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “तिचं गेलं ते गेलं,” त्या म्हणाल्या. “तिच्या नावावर तुझं लिहू नकोस. उद्या आजोबांना सांगायचं. तू सांगायचंस, मी शेजारी बसेन.”

दुसऱ्या दिवशी आजोबांच्या घरी गेलो तर त्यांनी नवा सदरा घातलेला, सूनबाईंनी पोहे केलेले. मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, आधी वाचा. बाईंनी वाचायला घेतलं. लोणच्याची कृती, नणंदेशी झालेली कुरबूर, पोराला आलेला ताप. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. शाईतल्या शेवटच्या पानाची शेवटची ओळ होती, ‘बाळाला एक गोष्ट सांगून ठेवायची आहे, उद्या निवांत लिहिते.’

“पुढं?” आजोबांनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, थेंब ठेवला नाही हेसुद्धा. आजोबा बराच वेळ त्या जांभळ्या डागावरून बोट फिरवत राहिले. मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, “परत पहिल्यापासून वाच. आता तू वाच.”

बाईंना जाऊन दोन वर्षं झाली. मी अजून महिन्यातून एकदा बरकतपुऱ्याला जाते आणि ‘निवांत लिहिते’ इथपर्यंत वाचते. आजोबा आता ‘पुढं?’ असं विचारत नाहीत. नुसते डोळे मिटून थोडा वेळ थांबतात, आणि तेवढा वेळ मी ते जांभळं पान उघडं धरून ठेवते.