ओव्हनमधली वेळ

वीज जाऊन आली की आमचा भिंतीतला ओव्हन लुकलुकणारी शून्यं दाखवत बसतो. वेळ लावल्याशिवाय तापतच नाही. माणसाचं बरं, वेळ थांबली तरी पोळ्या लाटता येतात.

घड्याळ लावायचं काम ह्यांचं. हे गेल्यावर आज पहिल्यांदाच ते माझ्यावर आलं. दाराच्या आतल्या कडेचा तेलकट थर पुसला, तेव्हा मॉडेल नंबर सापडला. तो ऐकून कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली, "घड्याळाचं बटण दाबून धरा काकू, आणि बरोबर वेळ लावा."

मी भिंतीवरच्या घड्याळात बघून लावली. ओव्हन तापू लागला. मग आठवलं, ते घड्याळ ह्यांनीच लावलेलं, दहा मिनिटं पुढे, कुठे उशीर व्हायला नको म्हणून.

आता मला कसली घाई? तरी बोट पुन्हा बटणाकडे गेलं नाही.