चिंबोरीचं निळं रक्त

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तांब्याची पट्टी चिंचेने घासत होते. बोटांना तो आंबूस वास लागला आणि बोईसरचा बाजार आठवला.

मी दहा वर्षांची होते. आमच्या मुरबे गावाहून आई चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, टोपली घेऊन आली होती. माल जिवंत आहे हे दाखवायला तिने नेहमीसारखी एक नांगी मोडली. पाण्यासारखं रक्त आलं आणि वाऱ्यावर हळूहळू निळसर झालं.

समोर उभे असलेले कारखान्यातले एक साहेब मागे सरले. "यात मोरचूद आहे, तांब्याचं विष. कोणी घेऊ नका."

"सायब, चिंबोरीचं रगत असंच असतं. आमी रोज खातो, काय नाय होत."

"मी केमिस्ट आहे. मला शिकवू नका."

गिऱ्हाईक पांगलं. घरी त्याच चिंबोऱ्यांचं कालवण झालं, तेव्हा मी ताट बाजूला सारलं. आईने नुसतं पाहिलं. ते पाहणं मी साहेबांना अजून माफ केलेलं नाही.

आता मी मुलांना शिकवते, की समुद्रात प्राणवायू वाढला तेव्हा तांबं जीवांच्या हाती लागलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठल्यातरी जीवाने प्राणवायू वाहायला ते रक्तात घेतलं. चिंबोरी अजून त्यावरच जगते, म्हणून तिचं रक्त निळं.

साहेब निवृत्त झालेत. उद्या प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे तेच आहेत, नाव मीच सुचवलं. पहिल्या टेबलावर आईची टोपली असेल. नांगी आई मोडेल, आणि ते निळं काय आहे हे साहेबांनी माईकवरून सांगायचं आहे.