जिन्याखालची जागा

शर्टावरून तो घालणारा दिवसभर काय करतो हे माझे वडील सांगू शकतात. टेबलाशी बसणाऱ्याच्या बाह्या मनगटापाशी चकाकतात. ज्याच्या गळ्यात कंपनीच्या कार्डाचा पट्टा असतो त्याच्या कॉलरच्या मागे एक बारीक रेघ पडते, आणि कितीही धुतली तरी जात नाही. एकदा घातलेला शर्ट न धुताच परत इस्त्रीला टाकणारी काटकसरी मंडळीही आमच्या सोसायटीत कमी नव्हती. त्यांच्याबद्दल पप्पांना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांच्या बायकांनाही नसेल. कोणाची बढती झाली, कोण घरी बसलाय, कोणाला नवी नोकरी शोधायची आहे, हे सगळं त्यांना टेबलावरच कळायचं. पण ते कोणाबद्दल कधी बोलले नाहीत.

लग्नाआधी ते उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यातून पुण्यात आले आणि कर्वेनगरातल्या एका चार मजली सोसायटीच्या जिन्याखाली उभे राहिले. तिथे ते सत्तावीस वर्षं उभे होते. जागा म्हणजे इस्त्रीचं एक टेबल, मागे कोळशाची गोणी, आणि उंच माणूस असेल तर त्याने मान वाकवायची एवढी. पप्पा उंच आहेत. त्यांची मान आता कायमची थोडी उजवीकडे कललेली आहे, आणि लोकांना वाटतं की ते फार अदबीने ऐकतात.

मी त्याच जिन्याच्या पहिल्या वळणावर बसून शिकले. येणारे-जाणारे मला ओलांडून जायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मात्र थांबायच्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या. माझं इंग्रजी त्यांनी सुधारलं, आणि मराठीही. 'पाणी'तला 'ण' पाणीदार हवा म्हणून त्यांनी माझ्याकडून तो शंभर वेळा म्हणवून घेतला असेल. पप्पांनी तर माझ्याशी हिंदी बोलणंच सोडून दिलं. त्यांचं मराठी मोडकंतोडकं होतं, पण घरातही ते रेटून तेच बोलत, कारण मुलगी इथली झाली पाहिजे. आई हसायची. मी इथली झाले. आज माझं मराठी ऐकून लोक विचारतात, तुम्ही सदाशिव पेठेतल्या का? मला तेव्हा राग येतो, आणि कोणाचा ते अजून कळलेलं नाही.

वाघोलीच्या एका कॉलेजातून मी इंजिनियर झाले आणि खराडीतल्या एका कंपनीत लागले. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. कंपनीचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पप्पांनी सोसायटीत घरोघरी पेढे वाटले आणि सेक्रेटरी काकांना जाऊन सांगितलं की मी जागा सोडतोय. काका पेढा तोंडात ठेवून म्हणाले, "छान. एका स्कूटरची सोय झाली." मग स्कूटरऐवजी पप्पांनी सुचवलेला माणूस ठेवायला ते तयार झाले. गावाकडचा एक चुलतभाऊ पुण्यात चार वर्षं दुसऱ्यांच्या टेबलावर राबत होता. पप्पांनी त्याला बोलावून घेतलं.

आमच्या लोकांत जागा विकत नाहीत. जाणारा माणूस आपली इस्त्री दुसऱ्याच्या हातात देतो. इस्त्री दिली की जागा गेली, गिऱ्हाईक गेलं, वर सगळ्या घरांच्या सवयीही सांगून टाकायच्या: कोणाला पँटीची धार लागते, कोणाला साडीवर पाणी शिंपडलेलं चालत नाही. आणि एकदा दिलेली इस्त्री परत मागायची नसते. मागणारा माणूस बिरादरीत पुन्हा तोंड वर करून बसू शकत नाही. हे पप्पांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी त्या दिवशी आपली पितळी इस्त्री राखेने घासली, चुलतभावाच्या दोन्ही हातांत ठेवली, आणि माझ्याकडे बघितलं. सात किलोचं ते धूड आता आपल्याला उचलायचं नाही, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. थोडं थांबा, मला आधी कायम तर होऊ दे, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही, कारण मीही फुशारले होते. इस्त्रीवाल्याची मुलगी ही ओळख त्या इस्त्रीबरोबरच जाईल असं मला वाटत होतं.

वाघोलीत कर्जावर एक खोली-हॉल-स्वयंपाकघर घेतलं. पप्पांना गॅलरी फार आवडली, तिथे मान सरळ ठेवता येत होती. पण रिकामं बसणं त्यांना जमत नसे. रोज सकाळी ते माझा शर्ट विजेच्या इस्त्रीने कडक करून द्यायचे आणि ही इस्त्री म्हणजे खेळणं आहे म्हणून कुरकुरायचे. ऑफिसात सगळे चुरगळलेल्या टी-शर्टात यायचे. परीटघडीचा शर्ट घालून येणारी मी एकटीच. एकदा साहेबांनी विचारलं, आज मुलाखत आहे का कुठे? सगळे हसले, मीही हसले. घरी सांगितलं असतं तर पप्पांनी इस्त्री बंद केली असती, आणि ते मला नको होतं.

तीन वर्षं अशी गेली. मग एका दुपारी मला एका छोट्या खोलीत बोलावलं. तिथे दोन माणसं होती. त्यातल्या एकाला मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या कामात काही कमी नव्हतं, असं त्यांनी दोनदा सांगितलं. ते काम आता इतक्या माणसांशिवाय होतं, एवढंच. पाव तासात लॅपटॉप जमा झाला, गळ्यातलं कार्ड जमा झालं. माझ्यासकट चौघे गेले त्या दिवशी. उरलेल्या तिघांपैकी दोघांची पुण्यात वडिलोपार्जित घरं होती, आणि तिसऱ्याचे वडील म्हणाले, ये गावी, थोडे दिवस आराम कर. कोणाच्या पाठीशी काय उभं असतं हे अशा वेळी समजतं. माझ्या पाठीशी एक जिना होता आणि तोही आम्ही देऊन बसलो होतो.

घरी सांगितलं नाही. रोज सकाळी पप्पांच्या हातचा कडक शर्ट घालून मी निघायचे आणि कसबा पेठेतल्या एका अभ्यासिकेत जाऊन बसायचे. तिथे सरकारी परीक्षांची मुलं असायची, लातूरची, बीडची, नंदुरबारची. काही पाच-सहा वर्षं तीच पुस्तकं वाचत होती. मी मोबाइलवरून अर्ज पाठवायचे. मुलाखती झाल्या, नाही असं नाही. एकाने अर्ध्या पगारावर येता का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले, तर त्याने परत फोनच केला नाही. एका मुलीने, वयाने माझ्याहून लहान, मला सांगितलं की तुमचं कौशल्य आता जुनं झालं. मी सव्वीस वर्षांची होते. पाच आठवडे गेले. कर्जाचा एक हप्ता शिल्लक पैशांतून गेला, दुसऱ्याला आईच्या बांगड्या लागणार हे दिसत होतं. फ्लॅट गेला तर पप्पांना कुठे उभं करायचं?

शेवटी मनाशी ठरवलं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे जायचं. त्यांचा मुलगा एका मोठ्या कंपनीत बऱ्याच वरच्या जागेवर होता. माझ्यासाठी शब्द टाकायला सांगायचं. अभ्यासिकेतून दुपारीच उठले आणि कर्वेनगरची बस धरली. फाटकापाशी सेक्रेटरी काका झाडांना पाणी घालत होते. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"वडिलांना भेटायला आलात वाटतं? आहेत आत. निवृत्तीनंतर मुदतवाढीवर आहेत ते."

मला काही समजेना. जिन्याखाली वाकून बघितलं. टेबलाशी पप्पांचा चुलतभाऊ उभा होता, पप्पांची पितळी इस्त्री फिरवत. त्याच्या मागे, कोळशाची गोणी असायची तिथे, एका फळीवर चादर अंथरून दुसरं टेबल केलं होतं. तिथे जिना अजून खाली येतो. पप्पा तिथे जवळजवळ काटकोनात वाकून, एका जुन्या लोखंडी इस्त्रीने एका पोराच्या शाळेच्या चड्डीला इस्त्री करत होते. चड्ड्या, उशांचे अभ्रे, परकर, असलं किरकोळ काम त्यांच्याकडे होतं. शर्ट चुलतभाऊ करत होता.

त्यांनी मला पाहिलं. हात थांबला नाही, इस्त्री थांबली की कापड जळतं.

मी विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, महिना झाला. रोज मी गेल्यावर ते निघायचे आणि मी येण्याआधी परतायचे, दोन बस बदलून. आईला माहीत होतं. आणि माझं तुम्हाला कसं कळलं, हे विचारायला माझी जीभ रेटेना, पण त्यांनी न विचारताच सांगितलं.

"चौथ्या दिवशीच समजला. तुझा शर्ट खुंटीवर होता. ऑफिसची खुर्ची पाठीला अशी आडवी चुणी पाडत नाही. ही बाकड्याची हाय. आणि कॉलरवर पट्ट्याचा घामच नाही."

मी मान खाली घातली. त्यांचा नियम होता की शर्टावरून जे दिसतं ते बोलायचं नाही. तो त्यांनी माझ्या बाबतीतही महिनाभर पाळला होता. रोज सकाळी खोट्या ऑफिसचा शर्ट त्यांनी तितक्याच निगुतीने कडक करून दिला होता, धार मोडू न देता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी म्हटलं, पुढच्या टेबलावर तरी उभे राहा, ही जागा तुमचीच आहे. चुलतभाऊ अवघडला. तो वाईट माणूस नाही. त्याने हातातली इस्त्री टेबलावर उभी ठेवली आणि मूठ पप्पांच्या दिशेने वळवली. पप्पांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दिली ती दिली," एवढंच म्हणाले आणि पुढचा अभ्रा उचलला.

चुलतभावाची मुलगी यंदा बारावीला आहे. पहिल्या वळणावर तिची वह्यापुस्तकं पसरलेली होती, ती क्लासला गेली होती. वातावरण हलकं करावं म्हणून असेल, तो मला म्हणाला की हिलाही तुझ्यासारखंच इंजिनियर करायचं आहे, जरा सांग तिला कसं ते. पप्पांनी वर पाहिलं, मान वळत नाही म्हणून सगळं अंग वळवून. माझ्यादेखत, इतक्या वर्षांत मी ऐकली नव्हती त्या त्यांच्या गावाकडच्या हिंदीत ते त्याला म्हणाले, "पढाना. खूब पढाना. लेकिन वो कलेक्टर भी बन जाए, तो भी ये जगह मत छोडना."

आवाजात राग नव्हता. पावसाळ्यात कोळसा झाकून ठेव, असं सांगावं तसं सांगितलं. चुलतभावाने मान हलवली. त्याला ते पटलं होतं, आणि मलाही पटलं, हेच मला सहन होईना.

टेबलावर तिसऱ्या मजल्याच्या कपड्यांची चळत तयार होती. मी ती उचलली. लहानपणी उचलायचे तशी, एक हात खाली आणि हनुवटी वर टेकवून. काकूंनी दार उघडलं. आता त्यांना कमी दिसतं, मला ओळखायला एक क्षण लागला, मग चेहरा उजळला.

"अगं, तू! आज सुट्टी वाटतं?"

त्यांच्या मुलाबद्दल विचारण्यासाठी मी वाक्य जुळवून आणलं होतं, ण आणि ळ सांभाळून. माझ्या हातात त्याचेच शर्ट होते.

"हो काकू, सुट्टी आहे," मी म्हणाले, आणि कपडे पूर्वी ठेवायचे तिथे, दाराजवळच्या स्टुलावर ठेवले.